चापाची पिन: कुठं घट्ट, कुठं सैल

गारगोटीकडच्या एका शेतकऱ्यानं विचारलंय. वडिलांकडून आलेली .३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल (बोल्टचा दांडा हातानं मागं-पुढं करून काडतूस भरायची) आहे, परवाना रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतलाय. गेल्या पावसाळ्यापासून चाप लटपटतो. ओढताना कधी लांब जातो, कधी पटकन सुटतो. मध्यंतरी दस्ता, म्हणजे रायफलचं लाकडी अंग, उतरवला तेव्हा चापाची पिन एका बाजूनं दोन-अडीच मिलिमीटर बाहेर आलेली दिसली. शिरोलीत भाचा टर्नर आहे. तो म्हणतो, "मामा, ड्रिलचा तुकडा कापून देतो, दहा मिनिटांचं काम हाय." तर पिन कुठली घ्यावी, कशी बसवावी, घरी बसवली तर चालेल का? शिवाय मुलगी दुधाळीच्या रेंजवर पॉइंट टू-टू (.२२ बोअरची रायफल) मारते, तिच्या रायफललाही हेच लागू का?

भाच्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. मीही उद्यमनगरात टूलरूममध्ये हात काळे करूनच मग परवान्यावर बंदूकदुरुस्तीत आलो. कोल्हापुरात दंडगोल तुकडा मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) घासून देणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. अडचण तिथं नाही. पिन ही रायफलमधली सगळ्यात सोपी वस्तू आहे, म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. ती ज्या भोकांत बसते त्या भोकांकडे कुणी बघत नाही. माझ्याकडे 'पिन बदलून द्या' म्हणून येणाऱ्या रायफलींपैकी निम्म्यांची पिन ठणठणीत असते.

तुमची .३१५ ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलच्या घराण्यातली आहे. तिच्यात एक गोम आहे. चाप रिसीव्हरला (बोल्ट ज्यात बसतो त्या धातूच्या अंगाला) टांगलेला नाही, खालच्या ट्रिगर गार्डला (चापाभोवतीच्या धातूच्या कड्याला) पिनेनं टांगलेला आहे. सिअर, म्हणजे बार उडवणारी टाचणी अडवून धरणारा आणि चाप ओढला की सोडणारा तुकडा, मात्र वर रिसीव्हरला. म्हणजे चाप एका घरात, सिअर दुसऱ्या घरात, आणि दोन घरांच्या मध्ये लाकूड. लाकूड फुगलं की गार्ड खाली सरकतो, चाप सिअरपासून लांब जातो आणि पहिला ओढ उगाच वाढतो. लाकूड आकसलं आणि कुणी हौसेनं स्क्रू आवळले की गार्ड वर चढतो, चाप सिअरला आधीच थोडं दाबून धरतो आणि सिअरची पकड कमी होते. हे दुसरं धोक्याचं. ब्रिटिशांनी हाच त्रास ओळखून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नंबर ४ मार्क २ या मॉडेलमध्ये चाप थेट रिसीव्हरला टांगला. आपल्याकडच्या .३१५ मध्ये जुनी मांडणी राहिली. भुदरगड-राधानगरीच्या पावसात, घरात भिंतीला टांगलेल्या रायफलचं लाकूड जून ते सप्टेंबर काय काय करत असेल ते तुम्हीच ओळखा. त्यात निवडणूक आली की ठाण्यात जमा, महिना-दीड महिना कुठल्या खोलीत उभी असेल ते देव जाणे.

म्हणून पहिली तपासणी पिनेची नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड बघा, मॅगझिन बाजूला करा. मग गार्डचा पुढचा स्क्रू घट्ट आहे का बघा. त्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी धातूची नळी असते, तिला आम्ही कॉलर म्हणतो. स्क्रू आवळताना लाकूड चेपू नये आणि गार्ड ठरलेल्या अंतरावर राहावा, हे तिचं काम. मागं कुणी रायफल उघडून बसवताना ती कॉलर हरवलेली असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आधी तेच विचारतो. कॉलर नसेल तर सोन्याची पिन घातली तरी चाप दर ऋतूत बदलणार.

कॉलर जागेवर आहे, स्क्रू घट्ट आहेत आणि तरी चाप लटपटतो, तर मग पिनेकडे या.

चाप दोन बोटांत धरून हलवा. डावी-उजवीकडे थोडा हलतो? हलू दे, चाप आणि गार्डच्या भिंती यांच्यात तेवढी जागा मुद्दामच ठेवलेली असते. वर-खाली किंवा पुढं-मागं, ओढायच्या दिशेत न जाता नुसता 'टक्' असा उचलला जातो? ती पिनेची किंवा भोकाची झीज. हा फरक बोटांना कळतो, डोळ्यांना कळत नाही. नवशिक्या पोराला मी चांगली रायफल आणि झिजलेली रायफल शेजारी ठेवून डोळे मिटून हलवायला लावतो.

आता मुख्य गोष्ट. गार्डच्या ज्या दोन भिंतींत पिनेची भोकं असतात त्यांना आम्ही कान म्हणतो. पिन तीन ठिकाणी टेकते: एका कानात, मध्ये चापात (किंवा सिअरमध्ये), दुसऱ्या कानात. या तिन्ही ठिकाणी एकच पकड नको असते. साधारण नियम असा की कानांत ती घट्ट, निदान हातानं न सरकणारी, आणि मधल्या फिरणाऱ्या भागात मोकळी. पिन जागेवर थांबते आणि चाप तिच्याभोवती फिरतो. उलटं झालं, म्हणजे पिन चापात आवळली आणि कानांत सैल झाली, तर चापाबरोबर पिनच फिरायला लागते, कानांची भोकं खाते आणि हळूहळू एका बाजूनं चालू लागते. तुमची पिन अडीच मिलिमीटर बाहेर आली ती बहुतेक अशीच. काही रायफलींमध्ये पिन तिन्हीकडे सरकतीच असते आणि दस्त्याच्या लाकडी भिंती तिला दोन्ही बाजूंनी अडवून धरतात. तिथं कुणी दस्ता आतून कोरून मोठा केला किंवा बेडिंग (दस्त्यात रायफल नीट टेकवण्याचं काम) करताना कडा उडवल्या, की पिनेला बाहेर यायला वाट मिळते. अशा वेळी पिन जाड करून उपयोग नाही, वाट बंद करायची.

मापाकडे येऊ. व्हर्नियर ठेवून द्या. त्याचं सर्वांत छोटं माप ०.०२ मिमी, आणि इथं भांडण त्याहून लहान अंतराचं आहे. जुनी पिन मायक्रोमीटरवर तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांकडे आणि मध्ये. प्रत्येक ठिकाणी एकदा मोजून, पिन पाव वळसा फिरवून पुन्हा. मध्ये माप कमी आलं तर पिन झिजलीय, आनंद माना, कारण ती स्वस्तातली दुरुस्ती. तिन्हीकडे माप सारखं आलं तर झीज भोकात आहे.

भोक मोजायला गेज पिना लागतात, ०.०१ च्या टप्प्यानं वाढत जाणाऱ्या. त्या नसतील तर निदान बेअरिंगमधले नीडल रोलर घ्या. २, २.५, ३ मिमी अशा मापांत मिळतात, घासून चकचकीत केलेले आणि मापाला इमानदार. जी पिन भोकात स्वतःच्या वजनानं उतरते तिथून सुरुवात करा आणि जी अडते तिथं थांबा. मग तीच पिन भोकात तिरकी करून बघा. एका दिशेला डोलते आणि दुसऱ्या दिशेला नाही? भोक लंबगोल झालंय. गोल पिन लंबगोल भोकात कितीही महागाची घाला, ती गोलच राहणार.

इथंच कोल्हापुरातली नेहमीची फसगत सांगतो. ब्रिटिश आणि अमेरिकन बनावटीच्या, त्यांच्यावरून घेतलेल्या रायफलींची भोकं इंचात असतात. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी, ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी. आपल्या बाजारात डावल पिन (घासून मापात आणलेली दंडगोल पिन) मागितली की समोर येते ३ मिमीची. ती १/८ च्या भोकात घातली तर ०.१७५ मिमीची पोकळी राहते. ऐकायला किरकोळ. पण शिकारी चापात सिअरची पकड पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे पकडीचा मोठा हिस्सा तुम्ही नशिबावर सोडला. मग हुशार माणूस ३.२ ची पिन आणतो आणि हातोडीनं घालतो. ०.०२५ मिमी जास्तीची कडक पिन गार्डचे कान फाकवत आत जाते. पहिल्या दिवशी सगळं घट्ट, मालक खूश. पुढच्या वेळी तीच पिन काढली की भोक कायमचं मोठं. आधी रायफल इंचातली की मिलिमीटरमधली हे ठरवा, मग दुकानाची पायरी चढा.

मापानंतर जात. डावल पिना दोन तऱ्हेच्या मिळतात, कडक केलेल्या आणि साध्या. कडक पिनेचं माप बहुधा एम-६ बसणीचं असतं: ३ मिमीच्या पिनेला २ ते ८ मायक्रॉन जास्त. ती दाबून बसवायलाच बनवलेली असते. पोलादी कानांत ती छान धरते, पण मधल्या चापाच्या भोकातही ती आवळेल का, हे बसवण्याआधी बघावं लागतं. एच-६ पिन शून्य ते ६ मायक्रॉन कमी असते, सरकत जाते. कारखान्यातली मूळ पिन बहुधा या दोन्हींच्या मधली काहीतरी असते, म्हणून मूळ सुटा भाग मिळत असेल तर वाद न घालता तोच घ्या. नाही मिळाला तर मी सिल्व्हर स्टीलचा घासलेला बार घेतो, लांबी कापतो, लागेल तर कडक करून पुन्हा मऊसर उतरवतो, आणि शेवटचं माप भोकाला बघून देतो.

आता भाच्याचा ड्रिल. ड्रिल बिट नाममात्र मापापेक्षा थोडा कमीच असतो, कारण त्यानं पाडलेलं भोक मोठं येऊ नये ही कारखान्याची काळजी असते. म्हणजे ३ चा ड्रिल ३ नसतो. शिवाय हायस्पीड स्टीलचा तुकडा कापताना काठ धारदार राहतो, तो बसवताना भोकाला आतून सोलत जातो. आणि ठिसूळ. मऊ खिळा हे त्याच्या उलट टोक, दोन हंगामांत मध्ये कंबर पडते. चिरलेली रोल पिन, जिला स्प्रिंग पिन म्हणतात, ती घराची दोन अंगं जोडायला ठीक. चाप फिरण्यासाठी नको. तिच्या चिरेमुळे ती कधीच खरी गोल नसते, आणि चीर कुठल्या बाजूला आली त्यावर ओढ बदलतो.

काढताना घाई करू नका. भिंगातून पिनेची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीक दाते दिसले तर त्याच्या उलट बाजूनं ठोकायचं, म्हणजे दात्यांचं टोक आधी बाहेर येईल. दोन्ही टोकं सारखी असतील तर बाहेर डोकावणाऱ्या टोकाच्याच दिशेनं काढा. खाली भोक पाडलेला पितळी किंवा नायलॉनचा ठोकळा, वर पिनेपेक्षा थोडा बारीक सपाट पंच. सुरुवातीला आखूड पंच, पिन हलली की लांब. लांब बारीक पंचानं पहिला घाव घातला की तो वाकतो, घसरतो आणि रिसीव्हरवर पांढरा ओरखडा उठतो. तो ओरखडा मालकाला आयुष्यभर दिसतो, तुम्ही केलेलं बाकीचं काम दिसत नाही.

पिन सुटली की स्प्रिंग उडते. म्हणून आम्ही आखूड डमी पिन वापरतो. मूळ पिनेच्या मापाची, पण फक्त चापाच्या रुंदीइतकी लांब, दोन्ही टोकं निमुळती. जुनी पिन बाहेर ढकलताना मागून ही डमी आत शिरते आणि चाप, स्प्रिंग, सिअर सगळं एकत्र धरून ठेवते. नवी पिन घालताना ती डमीला पुढं ढकलत येते. एवढ्या एका तुकड्यानं टेबलाखाली टॉर्च घेऊन रांगायचा त्रास वाचतो.

बसवणं त्या मानानं सोपं, मापं बरोबर असतील तर. पिनेची लांबी घराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे ०.२ मिमी आत राहील एवढी. टोकं गोलसर करायची, कानशीनं नव्हे, लेथवर फिरवत बारीक पॉलिश पेपरनं. ६०० चा, मग १२०० चा. पॉलिश टोकांना द्यायचं, मधल्या अंगाला घासत बसू नका, माप जातं. आधी घर बाजूला ठेवून नुसती पिन चापात घाला. चाप तिच्यावर स्वतःच्या वजनानं फिरला पाहिजे, पिन आडवी धरून चाप सोडला की तो लगेच खाली झुलला पाहिजे. अडखळला तर पुढं जाऊ नका. मग पिन घरात, हातोडीनं नाही, पितळी जबड्यांच्या व्हाइसमध्ये हळूहळू दाबत. हाताला विरोध एकसारखा जाणवला पाहिजे. मध्येच एकदम जड झालं तर भोकं एका रेषेत नाहीत, मागं घ्या. वंगण म्हणून पातळ तेलाचा एक थेंब, तोही पुसून. दाट ग्रीस चापात भरलं की धूळ धरून ठेवतं आणि थंडीत जड होतं.

भोक लंबगोल असेल तर मग रीमर (भोक मापात मोठं करायचं हत्यार). पुढचं माप घ्यायचं, दोन्ही कान आणि चाप एकत्र जिगमध्ये धरून एकाच फेरीत, म्हणजे तिन्ही भोकं एका अक्षावर येतात. गार्डचं पोलाद रीमर घेतो. सिअर आणि चापाचं नेहमीच घेईल असं नाही. त्यांच्यावर बऱ्याचदा पातळ कडक कातडी असते. ती रीमरनं खरवडून काढली की खाली मऊ धातू उघडा पडतो आणि चार महिन्यांत तुम्ही पुन्हा माझ्याकडे. तिथं पितळी लॅप (भोक आतून घासायची कांडी) आणि डायमंड पेस्ट, किंवा सरळ नवा भाग.

दोन जुगाड मात्र करू देऊ नका. पहिला, भोकाच्या भोवती पंचाचे ठिपके मारून भोक आवळणं. एका रायफलच्या कानावर मी असे आठ ठिपके मोजलेत, रांगोळीसारखे गोलात. धातू कडेनं फक्त ओठाइतका आत येतो, पिन त्या ओठावर टेकते, आणि शंभर-दोनशे बारांत ओठ झिजून पुन्हा जैसे थे. आता मात्र भोकाची कड कायमची खराब, रीमरही नीट बसत नाही. दुसरा, चिकटवणं. कुणी झटपट डिंकाचा थेंब घालतो, कुणी पिनेला धाग्यांसाठीचं लॉकिंग द्रव लावतो. पातळ द्रव भोकात थांबत नाही. केशाकर्षणानं तो पिनेच्या अंगावरून सरपटत थेट चापाच्या भोकात जातो आणि तिथं वाळतो. चाप अर्ध्यावर अडकतो, सोडल्यावर पूर्ण मागं येत नाही. हे मी भीती घालायला सांगत नाही. २०१४ मध्ये रेमिंग्टननं मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हनच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या, त्याचं कारण जोडणीत जास्त वापरलं गेलेलं चिकटद्रव्य हेच होतं. कारखान्यात ठरवून लावलेलं द्रव्य जास्त झालं तर ही गत, मग बाजेवर बसून लावलेल्या थेंबाचं काय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा प्रयाग चिखलीतली एक रायफल माझ्याकडे आली होती. मालक जनावरं सोडवण्याच्या मागे, रायफल माळ्यावर, आणि पाणी माळ्यावर. पाणी ओसरल्यावर त्यांनी आधी ती दुसरीकडे नेली होती. तिथं पिन निघेना म्हणून कुणीतरी शेजारून खिळा ठोकायचा प्रयत्न केला होता, त्याचा तुकडा कानात मोडून बसलेला. मालक टेबलावर ठेवून म्हणाले, "मालक, पुराला काय बोलायचं, पण हा खिळा बघून लई वाईट वाटलं." गंजाच्या बाबतीत मी उतावीळपणा करत नाही. चार दिवस आत झिरपणाऱ्या तेलात ठेवली, रोज सकाळी दोन हलके ठोके, परत तेल. गॅस लावणं सोपं होतं, पण सिअरच्या कडक धारेला झळ लागली असती. पाचव्या दिवशी पिन हलली.

बाहेर आली तेव्हा तिचं अंग बघण्यासारखं होतं. दोन्ही टोकांना खड्डे, मधला भाग, जो चापाच्या आत होता, जवळजवळ कोरा. पाणी बाहेरून आलं आणि आत जुन्या तेलानं अडवलं. पण त्याहून वाईट होता गाळ. पंचगंगेचा बारीक गाळ आणि तेल एकत्र झालं की ती व्हॉल्व्ह घासायची पेस्टच. धुवायच्या आधी दहा वेळा चाप ओढून बघितला असता तर पुरानं केलं नाही तेवढं नुकसान झालं असतं. म्हणून पाण्यातून काढलेली रायफल चालवून बघायची नाही, आधी उघडायची. गार्डची भोकं खड्ड्यांमुळे मोठी झालेली, चापाचं मात्र मूळ मापाचं. आता सगळी भोकं मोठी करायची की कानांना मूळ मापावर आणायचं? कान जाड होते म्हणून दोन्हीकडे मोठं भोक पाडून पोलादी बुश दाबले आणि त्यांत मूळ मापाचं भोक घेतलं. नवी पिन मूळ मापाची. चापाला हात लावावा लागला नाही, हे त्यातलं समाधान.

पिन बसली म्हणजे काम झालं नाही. रिकाम्या रायफलवर आधी हे करून बघतो: बोल्ट चढवून सेफ्टी लावायची, चाप जोरात ओढायचा, सोडायचा, आणि मग सेफ्टी काढायची. त्या क्षणी 'टक्' झालं तर रायफल मालकाला परत जात नाही. चाप सोडल्यावर सिअर पूर्ण परत आलेली नाही असा त्याचा अर्थ. मग बोल्ट जोरात, मुद्दाम दांडगाईनं, पुढं ढकलून वीसेक वेळा. कॉकिंग पीस (सिअर ज्याला अडवते तो बोल्टच्या मागचा तुकडा) एकदाही निसटता कामा नये. मग रबराच्या चटईवर बूड साधारण फूटभरावरून आपटून. प्रत्येक वेळी डमी काडतूस घालून, कारण रिकामं मारलं की स्ट्रायकरचं (बार उडवणाऱ्या टाचणीचं) टोक मार खातं. शेवटी वजनकाट्यानं ओढ पाच वेळा मोजायचा. आकडा किती यापेक्षा पाचही आकडे जवळजवळ आहेत का हे महत्त्वाचं. इकडं-तिकडं उड्या मारत असतील तर पिनेच्या आसपास अजून काहीतरी अडतंय. रेंजवर पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं, दोन नाही.

मुलीच्या रायफलबद्दल. तिथं माझं उत्तर छोटं आहे: हात लावू नका. ५० मीटर रायफल प्रकारात चापाच्या वजनाला खालची मर्यादा नसते, त्यामुळे नेमबाज तो फुंकरीनं सुटावा इतका हलका ठेवतात. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅमची अट आहे, तो वेगळा प्रकार. इतक्या हलक्या चापात पकड इतकी थोडी असते की माझ्या टेबलावर चालणारी मायक्रॉनची सूट तिथं चालत नाही. जर्मन मॅच रायफलींचा चाप पूर्ण डबी म्हणून सुटा निघतो. काही बिघडलं तर डबीच बदलायची किंवा बनवणाऱ्याकडे पाठवायची. तिच्या चापात फरक वाटला तर आधी डबीचे स्क्रू आणि आतला कचरा बघायला सांगा, रेंजवरचे कोच ते करतात. ज्या जिल्ह्यातून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं, तिथल्या पोरीच्या रायफलमध्ये बाजारातली पिन जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता घरी करायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि बनवण्यासारखंच दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगायचा आणि वापरायचा आहे. भाच्यानं शॉपफ्लोअरवर चापाचा भाग बनवला, तो कितीही साधा असला, तरी उद्या अपघात झाला तर पहिला प्रश्न त्याला विचारला जाईल. पोराच्या नोकरीवर कशाला आणता? त्याला मायक्रोमीटर घेऊन माझ्याकडे पाठवा, आवड असेल तर बसून बघू दे, मलाही गप्पा मारायला कुणीतरी हवंच असतं.

तोपर्यंत त्या रायफलमध्ये काडतूस भरू नका. पिन अडीच मिलिमीटर बाहेर म्हणजे एका कानातून ती जवळपास सुटलेली आहे, आणि चाप एकाच कानावर तिरका लटकतोय. येताना परवान्याची मूळ प्रत, रायफल आणि निघाली असेल तर ती जुनी पिन, पुसून-घासून चकचकीत न करता, आहे तशी आणा. तिच्या अंगावरच्या घासल्याच्या खुणांवरून ती कुठं फिरत होती ते कळतं. पिन सापडत नसेल तर दस्त्याच्या आतल्या खाचेत बघा, बहुतेक तिथंच पडलेली असते.